माती तपासणीचा पैसा सरकारचा, पण पहिला कागद गावाचा



हमरापूर फाट्यावरून आत वळून जोह्याला गेलं की दोन्ही हातांना गणपतीच दिसतात. ओटीवर, पडवीत, ताडपत्रीच्या मांडवात फळ्यांवर रांगेनं मांडलेले. काही पांढरे, काही रंगवलेले, काहींच्या डोळ्यांची आखणी बाकी. आपल्याकडे 'कारखाना' म्हटलं की धुराडं आठवत नाही, गणपतीचा कारखानाच आठवतो. एके काळी भातावर चालणारी घरं आता मूर्तीवर चालतात. भात आहे, पण खाण्यापुरतं. तरी शेत कुणी सोडलेलं नाही. कारखान्याचा हंगाम आटोपला की विळा हातात असतोच.

गेल्या कार्तिकात कापणीच्या दिवसांत मी त्या शिवारात होतो. एका मावशींनी बांधावर थांबवलं आणि पदराच्या गाठीतून मातीचं कार्ड काढून पुढे धरलं. म्हणाल्या, "कार्डावर त सगला बरा हाय, साहेब. मंग या कोपऱ्यानच भात पिवला का परते?"

कोपरा पाहिला. बाकी शेत बरं होतं, पण साधारण अर्धा गुंठा जागेत लोंब्या बारीक आणि पात करपलेली. बांधापलीकडे गावकीच्या जागेतला एक जुना खड्डा होता. त्यात फुटलेल्या मूर्तींचे तुकडे, काथ्या, रंगाचे रिकामे डबे, थिनरच्या बाटल्या. पावसात खड्डा भरतो आणि बांधाच्या खांडातून याच कोपऱ्यात उतरतो. खड्डा कुणा एकाचा नाही. पंचवीस-तीस वर्षांत ज्याला जवळ पडला त्यानं तिथे टाकलं. आता गावात बोलणं चाललं आहे, की त्यावर मुरूम टाकून सपाट करावं आणि पोरांना मैदान करून द्यावं.

मावशींच्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्या कार्डासाठी मातीचा नमुना मीच घेतला होता, आणि तो घेताना हा कोपरा मीच सोडला होता.

कार्डावर काय असतं, काय नसतं

यात माझी चूक म्हणाल तर आहे, आणि नियमाप्रमाणे पाहिलं तर नाहीही. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश. गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. हे सगळं कशासाठी? तर खत किती टाकायचं ते कळावं यासाठी. त्या कामाला पत्रिका उत्तम आहे आणि ती प्रत्येकानं घ्यावी. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांतलं काहीही त्या बारांत नाही. म्हणजे कार्डावर "सगला बरा" असा शेरा आला तर खताच्या हिशेबानं बरं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नमुना घेण्याची पद्धतसुद्धा खताच्याच हिशेबाची. आम्ही मेळाव्यात तुम्हाला काय सांगतो ते आठवा. बांधाजवळची माती घेऊ नका, उकिरड्याजवळची घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका, पाणी साचतं तिथली घेऊ नका. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, वीतभर खोलीपर्यंतची माती गोळा करा, एकत्र कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. खतासाठी हे अगदी योग्य. पण विषारी द्रव्य शोधायचं असेल तर नेमका उलटा प्रकार हवा. ज्या कोपऱ्यावर संशय आहे तिथलीच माती, वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिठ्ठीसह. शेजारच्या चांगल्या जागेची माती तुलनेसाठी आणखी एका पिशवीत. दोन्ही कालवल्या तर दहा ठिकाणच्या चांगल्या मातीत एका ठिकाणची वाईट माती विरून जाते आणि कागदावर काहीच दिसत नाही.

कोपरा पिवळा पडला म्हणजे तिथे विष आहे, असं मात्र समजू नका. जस्ताची कमतरता असली तरी भात असंच दिसतं. खार चढला तरी असंच, पाणी साचून मुळं कुजली तरी असंच. याच्या उलटही असतं: मातीत शिसं असूनही भात हिरवंगार उभं राहू शकतं. डोळ्यांनी यातलं काहीच ठरत नाही, म्हणून तर तपासणी.

प्लास्टर नव्हे, रंग

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गावात यावर बरेच वाद होतात. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी मिळालं की तो घट्ट होतो आणि पुन्हा जिप्समच होतो. हाच जिप्सम घाटावरचे शेतकरी चोपण जमीन सुधारायला शेतात टाकतात. म्हणजे नुसतं प्लास्टर हे मातीला विष नव्हे. (कुणी लगेच ट्रॉली भरून तुकडे शेतात टाकू नका. आपली जमीन खारी आहे, चोपण नाही, आणि ते तुकडे रंगवलेले आहेत.) नदी-तलावात प्लास्टर विरघळत नाही, गाळ होऊन बसतं, ती अडचण वेगळी. प्लास्टरच्या मूर्तींवरची बंदी, मग ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती बनवायला दिलेली मोकळीक, हे सगळं तुम्ही पेपरात वाचलंच आहे. तो वाद विसर्जनाचा होता. आपला प्रश्न कोरड्या जमिनीवरचा आहे.

जमिनीच्या दृष्टीनं बघायचं ते रंगाकडे. पूर्वी पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिसं आणि क्रोमियम सर्रास असे, काही भारी रंगांत कॅडमियमही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा केंद्राचा नियम २०१६ चा, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तेव्हा आजचा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचावं. पण खड्ड्यातला जुना थर २०१७ च्या आधीचा आहे, आणि त्याला हा नियम लागू करून आता उपयोग नाही.

मीठ धुऊन जातं, शिसं जात नाही

आपण खारेपाटातली माणसं. जमीन बिघडणं आणि सुधारणं हे आपल्याला नवं नाही. बांध फुटला, भरतीचं पाणी आत आलं, की शेत खारं होतं. बांध बांधला, उघाडी नीट बसवली, दोन-तीन पावसाळे गोडं पाणी शेतात कोंडून ओहोटीला सोडलं, की खार उतरतो. मग पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची खार सोसणारी भाताची जात लावायची आणि गाडी रुळावर आणायची. सरकारही या कामात पूर्वीपासून आहे. १९४८ चा खारजमिनीचा कायदा, नंतर १९७९ चा, आणि बंदिस्तीची कामं सरकारी पैशातून. बांध फुटला तर अर्ज कुठे करायचा हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

त्यामुळे आपल्या मनात एक हिशेब पक्का बसलाय की जमीन बिघडली तरी पाऊस ती धुऊन काढतो. मिठाच्या बाबतीत हे खरं. शिशाच्या बाबतीत नाही. शिसं मातीच्या कणांना चिकटून वरच्याच थरात बसून राहतं. शंभर पावसाळे गेले तरी ते धुऊन जाणार नाही. भाताच्या दाण्यात ते फारसं चढत नाही, पण धुळीतून पोरांच्या हातात आणि हातातून तोंडात जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. म्हणून मैदानाची गोष्ट निघाल्यावर मला जास्त काळजी वाटली. कॅडमियमची चाल वेगळी. ते भाताच्या मुळातून सरळ दाण्यात जातं, आणि लोंब्या भरताना शेतातलं पाणी काढून टाकलं की आणखी जास्त.

याचं उदाहरण जपानचं आहे, आणि तेही भातशेतीचं. तोयामा भागात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. खाणीतलं कॅडमियम नदीच्या पाण्यातून भातखाचरांत उतरत गेलं. तो भात खाणाऱ्यांची, त्यातही वयस्क बायकांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंही मोडत. 'दुखतंय, दुखतंय' अशा अर्थाचं नाव लोकांनीच त्या रोगाला दिलं: इताई-इताई. १९६८ मध्ये जपान सरकारनं कारण मान्य केलं. १९७० मध्ये शेतजमिनीच्या प्रदूषणाचा खास कायदा झाला. त्यानुसार आधी खाचर न् खाचर तपासलं, भातातलं कॅडमियम मोजलं, नकाशावर बिघडलेले तुकडे आखले आणि मगच माती बदलायला घेतली. माती बदलण्याचं ते काम १९७९ ला सुरू झालं ते २०१२ ला संपलं. खर्च सरकार आणि खाण कंपनी यांनी मिळून केला. आपल्या खड्ड्याची आणि त्या खाणीची बरोबरी नाही, हे मला कळतं. सांगायचं ते एवढंच की तिथेही फावडं लावण्याआधी मोजणी झाली.

मोजणीचा पैसा

मोजणीसाठी वेगळा पैसा ठेवावा, ही गोष्ट अमेरिकेनं लवकर ओळखली. न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनॉल नावाच्या ठिकाणी रसायनं पुरलेल्या जुन्या कालव्यावर शाळा आणि घरं उभी राहिली होती, आणि १९७८ मध्ये तिथून लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर १९८० मध्ये साफसफाईचा कायदा झाला. पण छोट्या गावांची अडचण वेगळी होती. बंद पडलेला कारखाना किंवा जुना पेट्रोल पंप गावात मोकळा पडलेला, संशयामुळे कुणी घेत नाही, आणि तपासायला गावाकडे पैसा नाही. म्हणून १९९५ च्या सुमारास नुसत्या तपासणीसाठी नगरपालिकांना अनुदान मिळू लागलं, आणि २००२ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्यांच्या तपासणीच्या पहिल्या टप्प्यात माती खणतच नाहीत. जुने कागद पाहतात, म्हाताऱ्या माणसांना विचारतात आणि जागेवर फिरून येतात. खणणं नंतर.

आपल्याकडे हे उशिरा आलं, पण आता आलंय. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्या वेळी देशभरात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाईचं काम जेमतेम ७ ठिकाणी सुरू होतं. भोपाळचंच बघा. दुर्घटना १९८४ ची. तिथल्या कारखान्यात साठलेला ३३७ टन विषारी कचरा जागेवरून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये. कामाची जबाबदारी कुणाची आणि मुदत किती, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

ते आता लिहिलं गेलं. थोडक्यात असं, की संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी करायची. ती कळली की राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची. तीत तथ्य दिसलं तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. कोणती द्रव्यं तपासायची याची सरकारी यादी १८९ रसायनांची आहे. प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर जागा जाहीर करून तिथला वावर बंद करायचा आणि तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा घ्यायचा. बिघाड कुणी केला ते मंडळानं ९० दिवसांत शोधायचं. सापडला तर खर्च त्याचा, नाही सापडला किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य मिळून.

यात ग्रामपंचायतीनं आधी प्रयोगशाळेचं बिल भरून पुरावा आणावा, असं कुठे आहे? नाही. संशय पुरेसा आहे, पुरावा काढणं हे पाहणीचं काम. पण यादी काही आपोआप होत नाही. जिल्ह्याला जोह्याचा खड्डा स्वप्नात दिसणार नाही. धाटाव, तळोजा, महाड इथल्या औद्योगिक वसाहतींकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. गावकीच्या जागेतला खड्डा यादीत जायचा असेल तर गावानं लिहून द्यायला पाहिजे.

पहिला कागद कसा असावा

ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव करा. ठरावाची नक्कल पत्रासोबत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेलापूरच्या कार्यालयाला. पोच घ्यायला विसरू नका. ९० दिवस मोजायचे तर तारखेचा शिक्का हाताशी हवा.

पत्रात "गावात प्रदूषण होत आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी" असं मोघम लिहिलं की ते फायलीत जाऊन झोपतं. गट नंबर लिहा. सातबारा आणि गटनकाशा जोडा; तलाठी भाऊसाहेबांना (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) सांगून खड्ड्याची जागा नकाशावर आखून घ्या. कधीपासून टाकतात, काय टाकतात, पाणी कुठून कुठे जातं, जवळ विहीर किंवा बोअर आहे का, गुरं तिथे पाणी पितात का, तेही लिहा. हे गावातल्या दोन-चार वयस्क माणसांना विचारलं तर एका संध्याकाळचं काम आहे, आणि अमेरिकेतला तो पहिला टप्पा म्हणजे हाच. एक खबरदारी घ्या. साध्या घनकचऱ्याच्या डेपोला हे नियम लागू नाहीत. म्हणून "कचरा टाकतात" एवढ्यावर थांबू नका. रंगाचे डबे, थिनर, गन धुतलेलं पाणी, जे असेल ते नावानिशी लिहा. फोटो काढा, पण खड्ड्यात उतरून डबे हलवू नका.

आणि त्या जागेचं पुढे काय करायचं आहे तेही लिहा. मैदान, खळं, समाजमंदिर की मूर्ती ठेवायची सामायिक शेड? हे फार महत्त्वाचं आहे. गोदामाच्या फरशीखाली जी माती चालेल ती पोरं लोळतात त्या मैदानावर चालणार नाही, आणि भातशेतीची कसोटी त्याहून वेगळी. उपयोग ठाऊक असला तर तपासणाऱ्यालाही काय शोधायचं ते कळतं.

मुरूम मात्र त्याआधी टाकू नका. मुरूम पडला की खड्डा दिसेनासा होतो आणि तपासणीही अवघड होते. पुढे कुणी पाया खणला, की तीस वर्षांचा रंग पुन्हा वर. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या भागात भरावाच्या गाड्या वाढल्यात. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं नव्या शहराच्या आराखड्यात घेतल्याची अधिसूचनाही २०२४ ची. विकत आणलेला भराव कुठला आहे, हे गाडीवाल्याला विचारण्याची सवय आतापासून लावून घ्या.

नावाची भीती

हे सगळं मी एका बैठकीत सांगत होतो, तेव्हा मागून एक कारखानदार म्हणाले, "भाऊसाहेब, उद्या पेपरात 'जोह्याची जमीन दूषित' असं छापून आलं तर आमच्या मूर्ती कोण घेणार? आणि नोटीस निघाली तर ती कुणाच्या दारात येणार?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बिघाड करणाऱ्यानं खर्च द्यायचा असं नियमात आहेच, ते मी झाकून ठेवणार नाही. पंचवीस वर्षांत शंभर हातांनी भरलेल्या खड्ड्यात एकाचा वाटा कसा काढणार, हा मंडळालाही अवघड जाणारा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर कारखानदारांनीच पुढे होऊन ग्रामसभेत हा विषय मांडावा. आजपासून त्या खड्ड्यात डबा टाकणं बंद करावं, रिकामे डबे एका पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवावेत, गन धुण्यासाठी पिंप ठेवावं. हे केलेल्या गावाकडे पाहणी करणारा अधिकारी वेगळ्या नजरेनं बघतो. आणि पाहणीत काहीच निघालं नाही, तर तो कागद मूर्तीच्या गिऱ्हाइकालाही दाखवता येईल आणि मैदानाच्या पायाखालीही पुरता येईल. आज यातला एकही कागद गावाकडे नाही.

मावशींच्या शेताचं म्हणाल, तर या खेपेला मी कोपऱ्यातली माती वेगळी घेतली आणि शेताच्या मधली वेगळी. प्लास्टिकच्या घमेल्यात, कारण पत्र्याच्या बादलीचं जस्त नमुन्यात उतरतं. खतासाठीची तपासणी आपल्या प्रयोगशाळेत होईल, त्यातून जस्त आणि खार यांचा उलगडा होईल. धातूंच्या तपासणीसाठी ग्रामसभेच्या पत्रात त्यांच्या कोपऱ्याचा गट नंबर घालायचा आहे. तोवर त्या कोपऱ्यातलं भात वेगळं कापा, वेगळं झोडा, वेगळ्या पोत्यात भरून बाजूला ठेवा आणि घरात खायला घेऊ नका, एवढं त्यांना सांगून आलो. पोत्यावर कोळशानं खूण करून त्यांनी ते माळ्यावर टाकलंय.